पुस्तक विसरल्यावर सिनेमा कसा दिसतो? (हॅरी पॉटर, लॉर्ड ऑफ द रिंग्ज वगैरे पुन्हा बघताना)

दिवेलागण

मे महिन्यात भाची आमच्याकडे राहायला होती. वय वर्षं ११. वाचायचा कंटाळा, प्रश्न विचारायचा मात्र अजिबात नाही. उन्हामुळे दुपारी बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून जेवणं आटोपली की पडदे ओढायचे आणि हॅरी पॉटरचा एक भाग लावायचा, असा नेम धरला. आठ दुपारी, आठ सिनेमे.

मी हे सगळे ते ते आले तेव्हा थिएटरात पाहिलेत. तेव्हा मी कसला प्रेक्षक होतो ते आधीच कबूल करतो: अंधारात शेजारच्याला कोपर मारून 'पुस्तकात असं नाहीये' सांगणारा. २००४ साली अझकाबानवाला तिसरा भाग पाहून बाहेर आलो तो तणतणतच. शाळेचा तो जादूचा नकाशा कुणी काढला ते सांगितलंच नाही, शाळेतले ल्युपिन सर आणि हॅरीच्या वडिलांची दोस्ती दोन वाक्यांत गुंडाळली, पोरं गणवेश सोडून जीन्स घालून हिंडतायत. पार्किंगमध्ये मित्राशी अर्धा तास हुज्जत घातली होती. त्याचं म्हणणं, आत्तापर्यंतच्या तिन्हींत हाच सिनेमा खरा. त्याने पुस्तक वाचलेलं नव्हतं, म्हणून मी त्याच्या मताला हिंग लावून विचारलं नाही.

आता वीसेक वर्षं उलटली. पुस्तकं माळ्यावर आहेत, मधे एकदाही खाली काढलेली नाहीत. गोष्ट ढोबळ आठवते, बारकावे गेले. आणि यंदा बघताना दोन गोष्टी झाल्या.

एक म्हणजे राग आलाच नाही. तोच तिसरा भाग सगळ्यांत आवडला. ऋतू बदलताना ते मारकुटं झाड अंगावरची पानं झटकतं, रात्री खोलीत मुलं जादूच्या गोळ्या खाऊन प्राण्यांचे आवाज काढत बसतात. हा गोळ्यांचा प्रसंग पुस्तकात नाही, गोष्टीला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण तेवढ्या एका मिनिटात ती शाळा खरी वाटायला लागते. पार्किंगमधल्या मित्राला फोन करून माफी मागितली. त्याला ते भांडण आठवतही नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे भाचीचे प्रश्न. "मामा, तो तर कोरा कागद होता. त्या ल्युपिन सरांना कसं कळलं की नकाशा आहे?" मी सिनेमा थांबवून दहा मिनिटं व्याख्यान दिलं. ते चौघं मित्र, त्यांची टोपणनावं, हॅरीचे वडील हरणाचं रूप घ्यायचे, म्हणून हॅरीच्या मंत्रातून हरीण येतं... तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सिनेमात कुठे होतं?" कुठेच नव्हतं. सातव्यात हॅरीच्या हातात आरशाचा तुकडा दिसतो, त्यात कुणाचा तरी डोळा दिसतो. "हा आरसा कधी आला?" पुस्तकात तो हॅरीच्या मानलेल्या बापाने, सिरियसने दिलेला असतो. सिनेमात तो आकाशातून पडतो.

तेव्हा लक्षात आलं की आम्ही तेव्हा नुसता सिनेमा बघतच नव्हतो. त्यातला निम्मा माल आम्ही घरून डब्यात भरून नेला होता. पडद्यावर जिथे भोक होतं तिथे आपल्या डब्यातलं आपोआप वाढलं जायचं, आणि श्रेय सिनेमाला. शिव्याही सिनेमालाच, कारण डब्यातलं आणि पडद्यावरचं जुळलं नाही की घास अडकायचा.

तर प्रश्न असा: डबा रिकामा झाल्यावर कुठले सिनेमे पोट भरतात? फक्त फँटसी आणि फक्त पुस्तकांवरून केलेले. तुमचे अनुभव लिहा.

शेवचिवडा

रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहीन.

माझ्या डब्यात टॉम बॉम्बाडिल होता (लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या पुस्तकातला, सिनेमात घेतलाच नाही तो). तो दर वेळी तसाच परत येतो.

रानजाई

छान धागा. माझा अनुभव लॉर्ड ऑफ द रिंग्जचा, आणि तो जरा उलटा आहे.

मी आधी सिनेमे पाहिले (२००१, २००२, २००३, तिन्ही डिसेंबर), मग इंग्रजी पुस्तक धापा टाकत वाचलं, आणि बऱ्याच वर्षांनी मुग्धा कर्णिक यांचा मराठी अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' वाचला. म्हणजे पहिल्यांदा गेले तेव्हा माझा डबा रिकामाच होता, आणि पहिला भाग बघताना मला कुठेही अडलं नाही. सुरुवातीच्या सात-आठ मिनिटांत अंगठी कुणी घडवली, कशी हरवली, कुणाला सापडली हे सगळं सांगून होतं आणि मग गोष्ट निवांतपणे शायरमध्ये, म्हणजे हॉबिट या बुटक्या लोकांच्या मुलखात येते. ती निवांतपणाची चैन हॅरी पॉटरच्या पाचव्या भागाला मिळाली नाही. सगळ्यांत जाडजूड पुस्तक आणि सिनेमा १३८ मिनिटांचा! आठांत त्याहून छोटा फक्त शेवटचा, तोही एका पुस्तकाचे दोन केल्यावर.

पण पुन्हा बघताना माझी माणसं बदलली. पूर्वी मी ॲरागॉर्नसाठी बघायचे (कोण नाही बघायचं?). आता बोरोमिरसाठी बघते. शॉन बीनने ते काम असं केलंय की पहिल्यांदा तो लोभी वाटतो आणि पाचव्यांदा बघताना कळतं की अंगठी घेऊन निघालेल्या सबंध टोळीत घरची काळजी लागलेला माणूस तोच आहे. त्याचं गाव रोज मार खातंय आणि ही मंडळी डोंगरदऱ्यांतून चालतायत. त्याचा मृत्यू पुस्तकात दुसऱ्या खंडाच्या पहिल्या प्रकरणात आहे, सिनेमात तो पहिल्या भागाच्या शेवटाला आणलाय. हा बदल पुस्तकापेक्षा चांगला आहे असं मी म्हणते. मारायला या.

आणि ज्याच्यावर अजून माझा राग आहे तो फॅरामिरचा, म्हणजे बोरोमिरच्या भावाचा बदल. पुस्तकातला फॅरामिर म्हणतो की ही वस्तू (अंगठी) मला रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. सिनेमातला, अंगठी ज्याच्याकडे आहे त्या फ्रोडोला बांधून ऑस्गिलिअथ शहरात नेतो. डबा रिकामा असो की भरलेला, ती अर्ध्या तासाची वाकडी वाट दर वेळी लांबच वाटते.

खडूस_म्हातारा

रानजाई, मारायला आलोय.

मी हे पुस्तक १९७८ साली हॉस्टेलवर वाचलं. कॉलेजच्या लायब्ररीत पहिले दोन खंड होते, तिसरा कुणीतरी ढापला होता. फ्रोडोला शत्रूने पकडलंय एवढं कळून मी पावणेदोन वर्षं बसलो होतो, शेवटी मुंबईच्या फुटपाथवर तिसरा मिळाला. त्यामुळे माझा डबा जन्मभर भरलेला राहणार, त्याला इलाज नाही.

माझी तक्रार एकच. तिसऱ्या भागाचा शेवट. चौघं हॉबिट जग वाचवून घरी येतात तर घर गुंडांनी बळकावलेलं असतं, झाडं तोडलेली, गिरणी धूर ओकतेय. त्यांना स्वतःच्या गावासाठी पुन्हा लढावं लागतं. सगळी कादंबरी त्या प्रकरणाकडे चाललेली असते. ते गाळलं आणि त्याऐवजी काय, तर पलंगावर उड्या आणि हसणं. संथ गतीत. चार-पाच वेळा वाटतं की सिनेमा संपला, माणसं उठतात, परत बसतात.

११ नामांकनं आणि ११ ऑस्कर मिळाली म्हणून ही चूक बरोबर होत नाही.

रानजाई

काका, तुम्ही तो शेवट शेवटचा कधी पाहिलात? थिएटरात?

पुन्हा बघा. चौघं परत आल्यावर ग्रीन ड्रॅगन या त्यांच्या जुन्या दारूच्या गुत्त्यात बसतात. जवळजवळ एक मिनिट कुणी बोलत नाही. भोवती गाव आपल्या नादात आहे. एक म्हातारा हॉबिट हा भलाथोरला भोपळा घेऊन येतो आणि सगळे त्या भोपळ्याचं कौतुक करायला लागतात. या चौघांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ते एकमेकांकडे बघतात, पेले उचलतात.

पुस्तकात घर मोडलेलं असतं आणि ते दुरुस्त करता येतं. सिनेमात घर जसंच्या तसं आहे, आणि हेच परके झालेत. मला हे दुसरं जास्त लागतं. पंचविसाव्या वर्षी मला तो भोपळा दिसलाही नव्हता, मीही उठून चपला शोधत होते.

शेवचिवडा

भोपळा!! पंधरा वेळा पाहिलाय सिनेमा, भोपळा नाही आठवत. आज रात्री बघणार.

पिक्सेल_पांडू

मी याच धंद्यात आहे (कंपॉझिटिंग, म्हणजे वेगवेगळे तुकडे एकाच चित्रात बेमालूम बसवायचं काम), त्यामुळे माझी पुन्हा बघायची तऱ्हा वाईट आहे. मी माणसं सोडून कडा बघतो.

'जुने इफेक्ट आता हास्यास्पद दिसतात' हे वाक्य कुणीतरी टाकणारच, म्हणून आधीच लिहितो. काही दिसतात, काही नाही, आणि त्याचा सालाशी फारसा संबंध नाही. पॉटरच्या पहिल्या भागातला मुलींच्या स्वच्छतागृहातला राक्षस २००१ चा. त्याला वजन नाही, तो त्या फरशीवर उभाच नाहीये असं वाटतं. त्याच वर्षीचा, लॉर्ड ऑफ द रिंग्जमधला पुलावरचा बॅलरॉग आजही अंगावर येतो. कारण तो धूर आणि ज्वाळांत आहे, भोवती अंधार आहे, आणि त्याचा एकेक तुकडा दिसतो. राक्षस भरउजेडात चारी बाजूंनी दाखवला. नीट बनवता येत नसेल ते लपवावं, ही अक्कल कॉम्प्युटरच्या आधीची आहे.

दुसरं कारण हातकाम. मिनास तिरिथ हे शहर १:७२ या प्रमाणात बांधलेलं मॉडेल होतं, हेल्म्स डीपचा किल्ला १:३५. ही मॉडेलं इतकी मोठी की वेटा या इफेक्ट करणाऱ्या कंपनीच्या लोकांनी त्यांना 'मिनिएचर' न म्हणता 'बिगॅचर' नाव ठेवलं. त्या भिंतीवर पडलेला उजेड खरा आहे. उजेड खरा असला की डोळा बाकीचं बरंच माफ करतो. चिलखतांच्या कड्या माणसांनी प्लॅस्टिकच्या नळ्या कापून हाताने जोडल्या होत्या.

तिसऱ्या पॉटरमधली ती जांभळी तीन मजली बसही खरीच. जुन्या डबलडेकर कापून, मजला चढवून बनवलेली. लंडनमध्ये ती चालवताना आजूबाजूच्या गाड्या मुद्दाम रांगत चालवल्या आणि चित्रण वेगात दाखवलं. आज बघा, एकही फ्रेम खोटी वाटत नाही.

आणि गॉलम, तो अंगठीच्या मागे लागलेला किडकिडीत प्राणी. त्याचं काम करणारा अँडी सर्किस प्रत्यक्ष सेटवर होता, त्या दोघांशी खरोखर झोंबाझोंबी करत होता, मग त्याच्या जागी गॉलम बसवला. म्हणून फ्रोडो आणि सॅमचे डोळे बरोबर जागी बघतात. मला विचाराल तर ती निम्मी लढाई आहे.

पडलेले दिवेही आहेत तिथे. लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या तिसऱ्या भागातली ती हिरवी भुतांची फौज सांडलेल्या सरबतासारखी दिसते. लेगोलस हत्तीवर चढतो तो प्रसंग मी पुढे ढकलतो.

किवीफळ

ऑकलंडहून. गेली १४ वर्षं इथे आहे, त्यामुळे पाहुणा आला की माटामाटाला (शायरचा सेट तिथे आहे) जाणं हे मी कर्तव्य म्हणून पार पाडतो, भारतातून आलेल्यांना शिर्डीला नेतात तसं.

ते मेंढ्यांचं कुरण आहे. पहिल्या तीन सिनेमांसाठी बांधलेला सेट तात्पुरता होता, नंतर बराचसा मोडला. आज जे बघायला मिळतं ते 'हॉबिट'च्या वेळी टिकाऊ सामान वापरून पुन्हा बांधलेलं. बिल्बोच्या घरावरचा ओक खोटा आहे, पानंसुद्धा माणसांनी लावलेली. इतकं करूनही मला 'हॉबिट'चे तीन भाग पुन्हा बघवत नाहीत, आणि घर तेच, डोंगर तेच, दिग्दर्शक तोच. पांडूशेठ, हे कसं?

एक मजेची गोष्ट. लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या दुसऱ्या भागात किल्ल्यासमोर ऑर्कांची, म्हणजे शत्रूच्या राक्षसी शिपायांची फौज घुमते, तो आवाज आठवतोय? तो क्रिकेटच्या प्रेक्षकांचा आहे. वेलिंग्टनला न्यूझीलंड-इंग्लंड एकदिवसीय सामना होता, मध्यंतरात पीटर जॅक्सन मैदानात उतरला आणि हजारो लोकांकडून ऑर्कभाषेत आरोळ्या म्हणवून घेतल्या. शब्द मोठ्या पडद्यावर दाखवले होते.

शेवचिवडा

म्हणजे वानखेडेवर केलं असतं तर ऑर्क "गणपती बाप्पा..." म्हणाले असते आणि किल्ला दहा मिनिटांत पडला असता.

पिक्सेल_पांडू

किवीफळ, 'हॉबिट'चं थोडक्यात सांगतो. पुस्तक एक, तेही पोरांसाठी लिहिलेलं आटोपशीर. आधी दोन सिनेमे ठरले, मग तीन झाले. दूध तेवढंच, चहा वाढवत गेले. शिवाय सेकंदाला ४८ फ्रेम. मी थिएटरात तसाच पाहिला होता. सवयीच्या २४ ऐवजी ४८ झाल्या की सगळं इतकं लख्ख दिसतं की दाढ्या चिकटवलेल्या कळतात. घरी आता २४ मध्येच बघतो, तरी तो प्लॅस्टिकपणा जात नाही, कारण ऑर्कांचे सरदारसुद्धा कॉम्प्युटरवर केले.

त्यातलाच एक प्रसंग मात्र मी कधीही बघू शकतो. अंधारातली कोडी. बिल्बो आणि गॉलम. शूटिंगची सुरुवात त्यानेच झाली होती आणि नाटकासारखा तो सलग करत गेले. दोन नट, एक गुहा, आणि आता काय होणार ते तोंडपाठ असूनही श्वास रोखला जातो.

दिवेलागण

पांडू, तुमच्या प्रतिसादावरून मला 'द गोल्डन कंपास' आठवला. २००७ चा. त्याला उत्तम व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं होतं, ट्रान्सफॉर्मर्सला हरवून. अस्वलांची झुंज खरोखर देखणी आहे. पण भाचीला लावून दिला तर शेवटी ती टीव्हीकडे बघतच राहिली. "संपला?" पुस्तकाचा शेवट काळजात सुरी फिरवणारा आहे, तो चित्रित करूनही काढून टाकला आणि पुढच्या भागासाठी ठेवला. पुढचा भाग आलाच नाही. हा असा सिनेमा आहे की त्यात डबा नेला तरी उपाशी, नाही नेला तरी उपाशी.

अटलांटिकपार

मी या धाग्यात जरा मिठाचा खडा टाकते.

'डबा' थिअरी वाचायला गोड आहे पण अन्यायाची आहे. पॉटरचे सिनेमे आले तेव्हा पुस्तकं संपलीही नव्हती. सातवं पुस्तक आणि पाचवा सिनेमा दोन्ही २००७ च्या जुलैत, मधे दहा-बारा दिवस. मी तेव्हा न्यू जर्सीत नुकतीच आले होते, ओळखीचं कुणी नाही, आणि मध्यरात्रीच्या रांगेत अनोळखी मुलींशी स्नेप हा मास्तर चांगला की वाईट यावर भांडले. त्यातल्या दोघी आजही मैत्रिणी आहेत. ते सिनेमे वाचकांसाठीच केलेले होते. लग्नाच्या पंगतीत 'ही भाजी नुसती खाऊन बघा' असं कुणी म्हणत नाही.

आणि दुसरं, माझी आई. एक पान वाचलेलं नाही, सगळे भाग हिंदीत डब केलेले टीव्हीवर, तेही जाहिरातींसकट आणि मधूनच. तिला एकदाही काही अडलं नाही. मी तिला मुद्दाम दिवेलागण यांच्या भाचीचा नकाशाचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "अगं जादूगार आहे ना तो? मग त्याला कळणारच."

दिवेलागण

आईंना साष्टांग नमस्कार. माझी थिअरी एका वाक्यात आडवी केली.

तरीही (हरलो तरी बोट वर) एक विचारतो. आईंना व्होल्डेमॉर्टचा, म्हणजे मुख्य खलनायकाचा शेवट कसा वाटला? पुस्तकात तो जेवणघराच्या दालनात सगळ्यांसमोर पडतो आणि एखाद्या साध्या माणसाचं पडावं तसं त्याचं प्रेत पडून राहतं. मुद्दाच तो आहे, की अमर व्हायला निघालेला शेवटी सामान्य निघाला. सिनेमात तो एकांतात राख होऊन उडून जातो. साक्षीला कुणी नाही. भाचीने लगेच शंका काढली, "मग बाकीच्यांना कसं कळलं तो मेला?" इथे 'जादूगार आहे ना' हे उत्तर चालत नाही.

अटलांटिकपार

इथे मात्र सहमत. आणि हॅरी थोरल्या कांडीचे (सगळ्यांत ताकदवान जादूची कांडी ती) दोन तुकडे करून दरीत फेकतो ते! आधी आपली मोडलेली कांडी तरी जोडून घे, बाबा. पुस्तकात घेतो. आता मी पण कोपर मारणाऱ्यांत आले, बघा.

पण सातव्याचा पहिला भाग, ज्याला तेव्हा सगळ्यांनी 'तंबूत बसायचा सिनेमा' म्हणून नावं ठेवली, तो मला आज सगळ्यांत वर वाटतो. रॉन निघून गेलाय, रेडिओवर गाणं लागतं आणि हॅरी हर्मायनीला हात धरून नाचायला उठवतो. पुस्तकात नाही. सतरा-अठरा वर्षांची पोरं घरापासून लांब, घाबरलेली, दोन मिनिटं वेड्यासारखी नाचतात, आणि गाणं संपल्यावर परत तोच अंधार. तेव्हा थिएटरात लोक हसले होते, मीही हसले होते. परदेशात पहिला हिवाळा काढलेल्या कुणालाही विचारा आता.

खडूस_म्हातारा

मी पॉटरवाला नाही, पण नातवाने चौथा भाग दाखवला. पुस्तकात मुख्याध्यापक 'शांतपणे' विचारतात असं लिहिलंय म्हणे, आणि पडद्यावर ते पोराच्या अंगावर धावून जातात. नातू दर वेळी तो प्रसंग आला की ओरडतो, "शांतपणे!" आमच्या घरात आता कुणी आवाज चढवला की हाच शब्द वापरतात.

पहिल्या दोन भागांत मुख्याध्यापकांचं काम करणारे रिचर्ड हॅरिस २००२ मध्ये गेले. ते असते तर शांतपणे विचारलं असतं.

अवांतरवाली

अवांतर आहे, पण फँटसी, पुस्तक आणि पुन्हा बघणं या तिन्ही अटींत बसतं: 'चंद्रकांता'. देवकीनंदन खत्री यांची १८८८ ची कादंबरी, त्यावरची दूरदर्शनची मालिका १९९४ ची. रविवारी सकाळी आमच्या वाड्यात ज्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता त्यांच्याकडे वीसेक पोरं. मध्यंतरी यूट्यूबवर चार भाग लावले. क्रूरसिंग या खलनायकाच्या भुवया आणि त्याचं ते "यक्कू" सोडलं तर काहीही उरलेलं नाही. कथानक कुठल्या कुठे गेलंय, एकाच प्रसंगात विजा सहा वेळा चमकतात.

पण मग कादंबरी मिळवून वाचली आणि ती झकास निघाली. ऐयार लोकांचे (वेष पालटणाऱ्या हेरांचे) बटवे, बेशुद्ध करायची पूड, तिलिस्मातली (जादूच्या भूलभुलैयातली) कुलपं, सगळं कसं नियमात बसवलेलं. म्हणजे माझा डबा उलटा भरला गेला.

पावसाळी

'हाउल्स मूव्हिंग कॅसल' कुणी काढला नाही? डायना विन जोन्स यांचं पुस्तक १९८६ चं, मियाझाकीचा सिनेमा २००४ चा. दिवेलागण यांच्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर म्हणजे हा. मियाझाकीने पुस्तकातून मुलगी, शाप, चालतं घर आणि चुलीतला बडबड्या विस्तव घेतला आणि मग बिनदिक्कत आपल्या वाटेने गेला. पुस्तकात दूर कुठेतरी असलेलं युद्ध सिनेमाभर आकाशात घोंघावत राहतं. पुस्तकातल्या घराच्या दाराची एक बाजू थेट आपल्या जगातल्या वेल्समध्ये उघडते, ते सगळं गायब.

म्हातारी झालेली सोफी झोपली की तरुण दिसते, चिडली की वय कमी होतं, बिचकली की परत सुरकुत्या. का, ते कुणी सांगत नाही. पण हे भोक पुस्तक वाचून बुजत नाही, कारण पुस्तकातही ते असं नाही. ते बघणाऱ्याने आपल्या वयाप्रमाणे बुजवायचं. मी विशीत पाहिला तेव्हा ती प्रेमकथा होती. यंदा आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्याबरोबर पाहिला. सोफी पहिल्यांदा म्हातारी होऊन जिना उतरते तेव्हा आई म्हणाली, "बरोबर दाखवलंय. आधी कठडा धरायचा."

रानजाई

पावसाळी, हा प्रतिसाद वाचून उठून चहा केला. आईंच्या गुडघ्याला आराम पडो.

शेवचिवडा

भोपळा पाहिला.

काही बोलत नाही.

खडूस_म्हातारा

मीही पाहिला. काल रात्री, मुलाने लावून दिला, तो विस्तारित (थिएटरात कापलेले प्रसंग परत घातलेला). चार तासांच्या वर आहे तो प्रकार, दोनदा उठलो.

रानजाई, अजूनही माझं म्हणणं आहे की ते प्रकरण गाळायला नको होतं. पण ते चौघं गुत्त्यात बसतात तो प्रसंग मी थिएटरात नीट पाहिला नव्हता हे मान्य. मी ७९ साली तिसरा खंड वाचून संपवला आणि त्याच सुट्टीत गावी गेलो. पारावर सगळे बसले होते. मला एवढं काहीतरी घडून गेल्यासारखं वाटत होतं आणि तिथे विषय चालला होता विहिरीच्या पंपाचा. कुणाला सांगणार, की मी मॉर्डोरला, त्या शत्रूच्या मुलखात जाऊन आलोय?

सॅरुमानचा शेवट विस्तारितमध्ये आहे. थिएटरात तो कापला होता, ख्रिस्तोफर ली यांना वाईट वाटलं होतं, आणि बरोबरच होतं. एवढा मोठा खलनायक मनोऱ्यात कोंडला आणि विषय बंद?

किवीफळ

काका, या इकडे. माटामाटाला नेतो. ग्रीन ड्रॅगन आता खरा आहे, बसायला मिळतं. भोपळ्याचं मात्र बघावं लागेल.

दिवेलागण

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या अपेक्षेपेक्षा फारच पुढे गेला.

भाचीची खबर: ती जून लागताच घरी गेली. जाताना माळ्यावरून तिसरं पुस्तक काढून दिलं. आमच्याकडची पहिली प्रत मराठी आहे, 'हॅरी पॉटर आणि परीस' (त्या नावासाठी अनुवादकाला शंभर गुण, आपल्याकडे तो दगड आधीपासून होताच), तीही देत होतो, पण तिला फक्त नकाशावाला भाग हवा होता. सुरुवातीपासून वाचलंच नाही. मधेच उघडून नकाशा कुणी काढला ते पान शोधलं, वाचलं आणि मला रात्री साडेदहाला फोन. "मामा, हे त्यांनी सिनेमात घ्यायला पाहिजे होतं. एक मिनिट लागलं असतं फक्त."

दिवाळीत परत येणार आहे. तेव्हा लॉर्ड ऑफ द रिंग्ज ठरलंय. पहिल्यांदाच बघणाऱ्या अकरा वर्षांच्या पोरीला थिएटरवाले दाखवू की विस्तारित?

रानजाई

पहिला भाग थिएटरवाला. आवडला तर पुढचे दोन विस्तारित.

खडूस_म्हातारा

तिन्ही विस्तारित. दिवाळीचा फराळ कशासाठी असतो?

पिक्सेल_पांडू

काहीही दाखवा, पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते 'मोशन स्मूद' (मधल्या फ्रेम भरून चित्र गुळगुळीत करणारं) बंद करा आधी. नाहीतर तिघांचा 'हॉबिट' होईल.

शेवचिवडा

आणि भोपळ्याला सिनेमा थांबवून व्याख्यान देऊ नका.